दीपाचा बुरांश अन् आमचं पाणी

२ मार्च
दीपा आली. माहेराहून, पार गढवालहून. सामान एक पिशवी, अन् मांडीवर तेलाच्या डब्यात झाड. बुरांश म्हणे. लाल फुलं येतात. आमच्या पोरानं, अमोलनं, फोनवर इंग्रजी नाव सांगितलं, ऱ्होडोडेंड्रॉन. जीभ मोडली माझी. झाड तर काय बघण्यासारखं न्हाई, पानं चामड्यावानी.
पोराची पोस्टिंग बॉर्डरवर, बायको नेता येत न्हाई, म्हणून सून आमच्यात. तिला माहेरीच राहायचंय, हे काय मला कळत न्हाई? आज तोंडानंच बोलली, "आई, हे जगलं तर मी पण राहते."
एवढ्याशा झाडावर माणसानं राहायचं का जायचं ठरवावं! डोकंच उठलं. पण तिनं जाऊ नये. ह्या घरात माझ्याशी दुसरं बोलतंय कोण.

९ मार्च
लाड बघा महाराणीचे (झाडाचे): काळी माती नको, ऊन नको, बोअरचं पाणी नको. आंबट माती पाहिजे. लातुरात! मुरुडला ताईकडं गेले, तिच्या चिंचेखालचा कुजलेला पाला पोतं भरून आणला, नव्या कुंडीसाठी. एसटीत पोत्यातनं गोम निघाली, शेजारच्या बाईच्या पदरावर. शी! वरून शिव्या मीच खाल्ल्या.

१७ मार्च
खाली दातांचा दवाखाना हाय, तिथल्या एसीचं पाणी गळतं. गोडं पाणी, क्षार न्हाईत. बादली लावून आले. कंपाउंडर विचारतो, "सिस्टर, हे पिता का काय?" नालायक. संध्याकाळी बघते तर बादलीत गुटख्याची पिचकारी. नर्सच्या नोकरीत काय काय धुतलं ह्या हातानं, पण एवढी किळस आली न्हाई. घासली, पुन्हा लावली.

२६ मार्च
रविवार. विहारातनं येताना शेजारच्या मंगलबाई चिकटल्या, घरात आल्या. कुंडीकडं बघून म्हणे, "हवा मानवत न्हाई हो ह्याला." मग दीपाच्या पोटाकडं बघून, "अजून काहीच न्हाई का?" पोरीसमोर! त्यांची कपबशी उचलून आत नेली, अर्धा चहा होता तरी. दुसरं काय करणार. सडक्या तोंडाची बाई.

४ एप्रिल
पानांच्या कडा करपल्या. ऊन लागू देत न्हाई, खत न्हाई, एसीचं पाणी मी स्वतः घालते. मग काय झालंय त्याला? बीपी वाढलं. गोळी घेतली.

११ एप्रिल
सापडलं. आज लवकर उठले तर आमचे हे, तांब्या घेऊन, बुरांशाच्या बुडात! फिल्टरमधनं जे टाकाऊ पाणी निघतं, ते. रोज ओततात म्हणे. दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हापासून हा माणूस थेंब वाया घालवत न्हाई.
"अहो, बोअरपेक्षा जास्त क्षार हायत त्यात!"
"मग काय गटारात ओतू?"
मातीवर पांढरा थर बसलाय. नखानं खरवडला.

१२ एप्रिल
डोक्यातनं जाईना. ह्यांची पाणी घालायची वेळ अन् दीपाची चहा ठेवायची वेळ एकच. ओट्यासमोरच्या खिडकीतनं कुंडी दिसते. म्हणजे रोज बघत होती. विचारलं तर खाली मान, "बाबांना कसं सांगणार?"
बाबांना न्हाई, मला तर सांगायचं ना? का जायला निमित्त पाहिजे होतं? बोलून गेले, "जायचं असंल तर सांगून जा. झाडाला कशाला मारायलीस?"
बोलले अन् माझीच मला घाण वाटली. रडली असती तर बरं झालं असतं. रडली न्हाई.

१३ एप्रिल
उद्या जयंती. पांढऱ्या साड्यांना इस्त्री करून ठेवली, दोघींच्या. कुंडीतला पाला बदलला. जुना उपसताना हात शिसारीनं आखडत होते. मुळं अजून ओली हायत. जगंल का मरंल, सांगता येत न्हाई.
संध्याकाळी अमोलचा फोन. "दीपाचं तिकीट काढू का? तिला विचारलं तर म्हणते, आईला विचार."
माझ्यावर ढकललं! काढ म्हणावं तर... अन् नको म्हणावं तर मी तिला डांबल्यासारखं.
"बोल ना आई."
स्वयंपाकघरात दीपा भाकरी थापायली होती. आता थापायचा आवाज बंद झाला.