कॅमेऱ्यात दिसलेली गौहरचाची

२ डिसेंबर

विसरलास ना? काल एवढा घसा कोरडा करून बोलले, आणि आज तुझं पान कोरं! रुमानाला फोन केला. म्हणाली, "दादी, बोलून झालं की खालचं हिरवं बटण दाबायचं." नाही दाबलं तर याच्या डोक्यात काही राहत नाही म्हणे. मी शाळेचं दार बघितलेलं नाही, पण माझ्या निकाहच्या जेवणात कोण रुसून उठलं आणि कशावरून, ते आजही सांगते. तू एवढा महागाचा फोन — आणि एका रात्रीत सफाचट!

असो. पुन्हा सांगते. मी गौहर. गनीभाई सायकलवाल्यांची बायको. ते गेले, आता मी एकटीच. मुलगा परवेझ श्रीरामपूरला, नात रुमाना पुण्याला शिकते. तिनंच तुला माझ्या गळ्यात बांधलं. मी बोलायचं, तू लिहायचं, आणि मागितलं की वाचून दाखवायचं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण ती तुला येत नाही. उर्दू लावून पाहिली तर तू लखनौचा नवाब झालास. शेवटी मराठीवर जमलं. त्यातही मी 'हाय' म्हटलं की तू वाचताना 'आहे' म्हणतोस. दुसऱ्या कुणाचं बोलणं सांगितलं तर तसंच ठेवतोस, मलाच सुधारतोस. मास्तर कुठला!

बटण दाबते.

५ डिसेंबर

गल्लीत कॅमेरा बसला. विजेच्या खांबावर, बरोबर माझ्या दारासमोर. सरपंच सूर्यभान स्वतः उभा राहून बसवून घेत होता.

दिवाळी झाली की अर्धी गल्ली ऊस तोडायला जाते. घरांना कुलपं. गेल्या साली दोन-तीन घरं फुटली, तेव्हापासून हे चाललं होतं. सूर्यभान म्हणाला, "चाची, आता चोराची खैर न्हाई. टोळीवाले उसाच्या फडात बसून मोबाईलवर आपापलं दार बघतील."

"आणि माझं दार?"

"ते बी दिसंल की! तुमी आता टीव्हीत."

आजवर जाताना माणसं किल्ली माझ्याकडं देत आणि म्हणत, चाची, घराकडं बघा. यंदाही दिल्यात. म्हणजे मी घरं बघायची, आणि मला कोण बघतंय ते मला दिसायचं नाही. भारी आहे!

७ डिसेंबर

कॅमेऱ्याकडं पाठ करून शेंगा फोडल्या. मान आखडली.

१० डिसेंबर

समोरची सत्यशीला तोंड पाडून आली. दगडाबाईची सून. दरवर्षी ती आणि तिचा नवरा कल्याण उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' — तिकडं असंच मोजतात. एकट्या माणसाला मुकादम विचारत नाही. यंदा लेक आरती पहिलीत बसली म्हणून सत्यशीला मागं राहिली, आणि कोयता पुरा करायला म्हातारी दगडाबाई लेकाबरोबर गेली. श्रीरामपूरकडं कुठंतरी फड आहे.

"आत्याबाईंचा फोन आल्ता. काल दुपारी दाराला कडी का हुती म्हनून."

"मग?"

"दळण टाकाया गेल्ते म्हनलं."

"खरंच गेली होतीस?"

"व्हय की! तरी बी चाची, खोटं बोलल्यासारखंच वाटलं."

दगडी आणि मी एकाच साली या गल्लीत सुना होऊन आलो. जीव लावते, पण बोलायला लागली की पत्र्यावर गारा. तिला दार बघायला दिलं होतं, ती सून बघत बसली!

१४ डिसेंबर

हळू बोलते आहे. तूही हळू लिही.

तिसगावला एका दवाखान्यात बाई हवी आहे. केसपेपर काढायला, गोळ्या द्यायला. सत्यशीला बारावी झालेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक तारखेपासून ये, फेब्रुवारीच्या. पण सकाळी आठला दार उघडायचं. आपली पहिली एसटी तिथं पोचेपर्यंत पेशंट बरे होऊन घरी जातील. "गाडी येत असली तर सांग," असं बाईंनी विचारलं, आणि ही बया "येते" म्हणून आली!

गाडी कुठली येते? सायकलसुद्धा घसरत चालवते.

ही जागा मिळाली तर कोयता सुटला. नाही मिळाली तर पुढल्या दिवाळीला पुन्हा फड, पुन्हा पालं, आणि आरतीची शाळा गुंडाळून तिच्याबरोबर. ती हे सांगताना रडली नाही, नुसती माझ्या ओसरीवरची स्कूटी बघत होती. रुमानाची आहे, चादर घालून उभी असते.

घरच्यांना आत्ता सांगायचं नाही म्हणते. आधी गाडी येऊ दे. नाहीतर आत्याबाई पहिल्या शब्दालाच 'न्हाई' म्हणतील आणि मग ते 'न्हाई' कुणाच्या बापाला हलायचं नाही. हे मात्र खरं.

रुमानाला विचारलं. "घ्या ना दादी! पण आधी कच्चं लायसन, आणि हेल्मेट घातल्याशिवाय किल्ली द्यायची नाही." पोरगी पुण्यातून कायदा सांगते. पण बरोबर सांगते.

हे वाचून दाखव जरा… हाय अल्ला! मी हळू बोलले तर तू 'केसपेपर'चा 'केस पिकल्यावर' केलास. वर नीट लिही.

२० डिसेंबर

सत्यशीलेचं कच्चं लायसन झालं. मोबाईलवरच परीक्षा झाली, पास! रुमानानं हेल्मेटही पाठवलं.

आता अडचण एकच. माझ्या ओसरीवरून स्कूटी बाहेर काढायची तर त्या खांबाखालूनच. मागच्या दाराला पायऱ्या आहेत. शेजारच्या केशरबाईच्या परसातून माणूस जातं, गाडी जात नाही. सत्यशीला स्कूटीवर दिसली की पाचव्या मिनिटाला फडातून फोन.

विचार करत होते, तेवढ्यात खुंटीवर नजर गेली.

परवेझनं हैदराबादहून बुरखा आणला होता. गावात मी आपली डोक्यावर पदर घेते. तो बुरखा एकदाच नगरला लग्नाला घातला, उकडून निघाले, तेव्हापासून लटकतोय.

सत्यशीलेला घातला. वर हेल्मेट. आरशासमोर उभी केली तर हसून हसून खालीच बसली. "चाची, ही कोन?"

म्हटलं, "ही गौहर."

२२ डिसेंबर

पहिला दिवस. सत्यशीला आरतीला घेऊन पुढच्या दारानं माझ्याकडं आली — म्हणजे कॅमेऱ्याच्या लेखी माझ्याकडं बसली. मग 'गौहर' स्कूटी ढकलत बाहेर. आणि खरी गौहर आरतीचा हात धरून मागच्या दारानं, केशरबाईच्या परसातून, माळावर!

शिकवलं मीच. हसू नकोस. गनीभाईंच्या मागं एम-एटी गाडीवर जन्मभर बसले. मागं बसून सगळं कळतं — कुठं हळू घ्यायचं, कुठं ओरडायचं. फक्त हँडलच काय ते हातात आलं नव्हतं.

एकदा बाभळीत घुसली. गाडीला काही नाही. बाभळीलाही नाही.

२९ डिसेंबर

दगडीचा फोन! सुनेला नाही, मला!

"गौहर! अगं लाज हाय का न्हाई? या वयात गाडी फिरवती! सगळी टोळी कोयते टाकून बघती. कल्याणला बी म्हनलं, बघ बघ, गौहरचाची निघाली!"

मीही आवाज चढवला. "बघा! गुडघे चालत नाहीत म्हणून गाडी चालवते. तुझं काय जातं?"

"माझं काय न्हाई. नीट चालव. आन जोरात न्हवं."

फोन ठेवल्यावर सत्यशीलेनं आणि मी एकमेकींकडं बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. आरती मध्येच विचारते, "चाची, तू खरंच चालवती?"

लहान पोरांसमोर खोटं बोलू नये. म्हटलं, "मला लायसन नाही बेटा."

३ जानेवारी

कुणीतरी ते कॅमेऱ्यातलं चित्र गावाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून श्रीरामपूरला. परवेझचा फोन!

"अम्मी, पडलीस तर कोण जबाबदार? उद्या येऊन गाडी घेऊन जातो."

माझ्या दारातली मी — नसलेली मी! — साऱ्या तालुक्यात फिरली, आणि मला कुणी विचारलं नाही, चाची, टाकू का?

४ जानेवारी

परवेझ आला. मटण खाल्लं, माझ्या गुडघ्यावर भाषण केलं, आणि स्कूटीची किल्ली मागितली. सापडेना! सगळ्या गल्लीच्या किल्ल्या माझ्याकडं, कुठली कुणाची ते मी अंधारात हात लावून सांगते. आणि नेमकी हीच हरवावी!

तो गेल्यावर सापडली. पिठाच्या डब्यात.

१४ जानेवारी

सत्यशीला तिळगूळ घेऊन आली. तिसगावच्या फाट्यापर्यंत एकटी जाऊन आली म्हणे! मीच जाऊन आल्यासारखा जीव धडधडला.

२१ जानेवारी

पंचायतीची पाण्याची मोटार चोरीला गेली. विहिरीवरसुद्धा कॅमेरा आहे बरं का!

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर ग्रामसभा. बटणावर बोट आधीच ठेवलं आहे, कारण आजचं विसरलास तर तुला विहिरीत टाकीन.

केशरबाईनं सुरुवात केली. "आमची न्हानी दारातच. पान्याला गेलं, धुनं धुतलं, सगळं कॅमेऱ्यात. चोर तोंडाला फडकं बांधून येतो, त्याचं काय दिसत न्हाई. आमीच उघड्या तोंडाच्या!"

सूर्यभान म्हणाला, सुरक्षा पाहिजे तर थोडं सोसावं लागतं. रिटायर झालेले रंगनाथ गुरुजी उठले. "कॅमेरा असू दे. पण बघायचं कुणी, ठेवायचं किती, ग्रुपवर टाकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे लिहिलंय का कुठं?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. मागून एक जण म्हणाला, ज्याच्या मनात पाप न्हाई त्यानं कशाला घाबरायचं? त्याला त्याचीच बायको म्हणाली, "मग तुमचा मोबाईल द्या की हिकडं." त्यानं मोबाईल खिशात कोंबला.

आणि मग सूर्यभाननं माझ्याकडं बोट केलं.

"कॅमेरा नसता तर कळलं असतं का, चाची विनालायसन गाडी फिरवत्यात म्हनून? उद्या काय झालं तर जबाबदार पंचायत! चाची, खरं सांगा, ती तुमीच ना?"

सगळं गाव वळलं. सत्यशीला खांबाला टेकून उभी, पांढरीफटक. हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर पोरीची नोकरी गेली.

म्हटलं, "सूर्यभान, माझ्या बुरख्यात मी नाही तर कोण — तू?"

असा हशा उठला की झेंडासुद्धा हलला. आणि त्या हशातच केशरबाई ओरडली, "समद्या गावानं चाचीची गाडी बघितली! मोटार नेताना कुनी बघितलं का?"

बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यात होतं सगळं, टेम्पो, माणसं, सगळं. पण तेव्हा जो तो मोबाईलवर माझी गाडी बघत होता.

ठराव झाला. कॅमेऱ्याचं तोंड दारांकडून रस्त्याकडं. बघायचं ते ग्रामसेवकानं, तेही काही घडलं तर. ग्रुपवर टाकायचं बंद. गुरुजींनी लिहून घेतलं, मी अंगठा दिला. एवढ्या मनापासून अंगठा आजवर दिला नव्हता.

२८ जानेवारी

खांबावरच्या कॅमेऱ्याचं तोंड फिरलं. ओसरीत बसून मोकळ्या मानेनं शेंगा फोडल्या. बुरखा धुवून वाळत घातला.

पण आता सबब सांगायला कॅमेराही राहिला नाही. एक तारीख आली, आणि पोरीनं अजून घरी सांगितलेलं नाही. "उद्या बोलते" म्हणते.

३० जानेवारी

बोलली. माझ्यासमोरच. सगळं सांगितलं कल्याणला — दवाखाना, गाडी, बुरखा. तो म्हणाला, "आईला इचारतो." फोन बंद.

संपलं! दगडी आता काय म्हणणार ते मला पाठ आहे. सत्यशीलेनं हेल्मेट पुसून परत खुंटीवर ठेवलं. आरती अभ्यासाला बसली होती. मला आज बोलवत नाही. बटण.

३१ जानेवारी

दगडीचा फोन.

"गौहर, तुला काय वाटलं, मला कळलं न्हाई? घेर चाकात जाऊ नये म्हनून बुरखा वर खोचला, आन पायात जोडवी! बोटानं मोठं करून बघितलं. तू कधीपासनं जोडवी घालती गं? कल्याणनं नीट बघू नये म्हनून तर समद्या टोळीत बोंबलत सुटले, गौहरचाची, गौहरचाची! त्याला सांगितलंय मी. पुढल्या साली बी त्याच्या कोयत्याला मीच येनार. तिला म्हनावं उद्या जा, आन जोडवी दिसू देत. आन हे बघ, येत्या टेम्पोबरोबर बाजरीच्या खारोड्या पाठव, जवसाची चटणी पाठव, तुझं लिंबाचं लोनचं पाठव. गोड काय पाठवू नको बाई, हितं पाय टाकंल तिथं ऊस हाय."