टोकावड्याची सुपारी

किन्हवली, फेब्रुवारी २००३

तीर्थरूप राघोदादास,

धाकट्या बहिणीचा, जनाचा, पायांवर डोकं ठेवून नमस्कार. थंडीने काशीवहिनीचे गुडघे यंदाही धरले का, आणि वाशिंदच्या कंपनीतली तुझी रात्रपाळी सुटली का, ते कळव. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे रविवारपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही.

दीपिकाच्या बाबांचे कान गेलेत हे तुला ठाऊक आहेच. (ते स्वतः सोडून अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.) तरणेपणापासून भातगिरणीच्या पट्ट्याशेजारी उभा राहिलेला माणूस, दुसरं काय होणार? शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलं, की त्यांना आवाज येतो पण शब्द सुटे होत नाहीत. बायकापोरांचे बारीक आवाज आधी जातात. ओरडून उपयोग नाही, समोर बसून, तोंड दिसेल असं सावकाश बोला, आणि यंत्र लावून बघू. यावर आमच्या ह्यांचं म्हणणं, कान शाबूत आहेत, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. भजनाला जाणं सोडलं. चार माणसं एकदम बोलायला लागली की हसऱ्या तोंडाने मान डोलावतात. संध्याकाळी घरी येतात ते दमून, पोती उचलून नव्हे, दिवसभर लोकांच्या तोंडाकडे बघून बघून. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यावर माझी चिडचिड अर्धी झाली. (उरलेली अर्धी अजून आहे.)

तर रविवारी टोकावड्याची मंडळी दीपिकाच्या सोयरिकीला आली. मुलगा दीपेश चांगला आहे, तिला पसंत आहे. आमची अट एकच. तिचं डी.एड.चं एक वर्ष उरलंय, ते झाल्यावर लग्न. लग्नानंतर शिकू देऊ, असं ते म्हणतात, पण लग्नानंतर पुरं झालेलं शिक्षण मी अजून पाहिलेलं नाही. ही अट सर्वांत जास्त कुणाची, तर तिच्या बाबांची. आदल्या दिवशी आरशासमोर घोकत होते.

आपल्याकडची रीत तू जाणतोस. पुरुष ओटीवर, बायका दाराआड. मध्यस्थाने सर्वांदेखत विचारायचं, मुलीच्या बापाने हो म्हणायचं, आणि सुपारी फुटली की बोलणं संपलं. मध्यस्थ काळूरामभाऊ नेमके ह्यांच्या बाजूला बसले, समोर नव्हे, आणि तोंडात पानाचा तोबरा. ओटीवर सगळे एकदम बोलत होते. काळूरामभाऊंनी विचारलं, "वैशाखात लगीन उरकायचा. तुमचा काय म्हणना?" सगळी तोंडं ह्यांच्याकडे वळली आणि दादा, ह्यांनी मान डोलावली.

मी आधी बांगड्या वाजवल्या. (दाराआडची बाई बैठकीत बोलते ती अशीच.) मग खोकले, इतकी की दीपिकाने पाणी आणलं. अडकित्ता उघडला तशी मी भरलेला तांब्याचा हंडा सोडून दिला. ओटीवरचे सगळे दचकून वळले, कोंबड्या अंगणाबाहेर गेल्या, गिरणीच्या दणदणाटाला सरावलेला मुलीचा बाप तेवढा समोर बघून हसत होता. सुपारी फुटली. जाताना व्याही सर्वांना सांगत होते, की घरात हंडे कोसळले तरी ढळत नाही, असा शांत सोयरा मिळायला भाग्य लागतं.

बाहेर का आली नाहीस, म्हणशील. आले असते तर ह्यांचं बहिरेपण चव्हाट्यावर आलं असतं, आणि बापाचं पोरीत उतरणार म्हणायला लोक टपलेलेच आहेत. पाहुणे गेल्यावर मी ह्यांच्यासमोर बसून सावकाश सगळं सांगितलं. मग म्हणाले, "सुपारी फुटली. आता शब्द गेला." दीपिका रडली नाही. पुस्तकं बांधून माळ्यावर ठेवली. ते बघून माझ्या जिवाचं काय झालं ते लिहवत नाही.

तुझी बहीण,
जना

ता. क. मागणं एवढंच, की तू पोरीचा थोरला मामा आहेस, तर टोकावड्याला जाऊन मुहूर्त नाही, पत्रिकेत खोट आहे, काहीही सबब सांग आणि लग्न वर्षभर पुढे ढकल. कानांचा विषय काढू नकोस.

आणखी ता. क. पत्र टाकायच्या आत ह्यांनी वाचलं. रागावले नाहीत. टोपी घातली आणि सकाळच्या एस.टी.ने एकटेच टोकावड्याला गेले. संध्याकाळी परतले ते छाती काढून. म्हणाले, त्यांच्या ओटीवर सर्वांसमोर सांगून आलो, "मला ऐकू येत नाय. गिरणीनं कान गेलं, ता पोरीत उतरत नाय. तवा मान हलवली ती उगाच. पोरीचा कोर्स झाल्याबिगर लगीन नाय." जन्मात पहिल्यांदा हे त्यांच्या तोंडून निघालं. मला इतका अभिमान वाटला की मी रडले. मग डोळे पुसून, समोर बसून विचारलं, यावर ते काय म्हणाले?

म्हणाले, "लय बोलले. सगले येकदम. मी मान डोलवली."

दादा, मिळेल त्या गाडीने टोकावड्याला जा आणि आपण काय कबूल केलंय ते विचारून ये.