रिन्से, आत जा

प्रिय बाबा,

तुझ्या पत्रात पुन्हा तेच! मी पळपुटा, नॉर्वेत मासे कापत बसण्यापेक्षा तुझ्या फुटबॉल संघात डावी बाजू सांभाळली असती तर माणसात आलो असतो. अरे, सगळ्या गावासमोर पहिल्याच अर्ध्या तासात मला बाहेर बसवलं कुणी? शाळा मी सोडली, पण संघातून तू काढलंस. इथं थंडीनं हात फुटतात, पण निदान कुणाच्या शिव्या खात बसावं लागत नाही.

तुझं तरी काय झालं? मोठ्या क्लबात अकरा वर्षं बचावात उभा राहिलास. पावसात भिजून जड झालेला चेंडू डोक्यानं परतवायचास, लोक ओरडायचे, "डाउवेचं डोकं नाही, ओंडका आहे!" आई म्हणायची, "ओंडक्यालाही कीड लागते हो." मग प्रशिक्षक झालास. दरवेळी हकालपट्टी, दरवेळी आणखी लहान क्लब, आणि आता गावचा, फक्त शनिवारी खेळणारा संघ.

परवा तुझ्या संघातल्या येल्मरचा फोन आला. सामन्यात तू त्याला बाहेर काढलंस आणि शेवटी पुन्हा आत पाठवलंस. एकदा बदललेला खेळाडू परत उतरत नाही, हे शेंबडं पोरही जाणतं. मी त्याला झापलं, "गाढवा, तू गेलासच का?" तर म्हणाला, "डाउवेकाका म्हणाले, 'रिन्से, आत जा, मागं कुणी नाही.' त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना रे."

बाबा, रिन्सेकाका तुझ्या जोडीला खेळायचे. त्यांच्या शवपेटीला तूच खांदा दिलास.

पंचानं येल्मरला अडवलं, तर तू पंचावर खेकसलास. पोरं खाली मान घालून उभी राहिली. नंतर क्लबचं कॅन्टीन चालवणाऱ्या तिनेकेकाकूनं तुझ्या बिअरचे पैसे घेतले नाहीत, तर तू ग्लास तसाच ठेवून निघून गेलास म्हणे. कळतंय ना तुला? संघ हल्ली पोरंच ठरवतात, तू नुसता वाचून दाखवतोस. आईनं हे तुला सांगू नको म्हणून शपथ घातलीय. मी मोडतोय.

नाताळानंतर क्लबची बैठक आहे. आपणहून सोडलंस तर फुलं देऊन निरोप देतील, नाहीतर काढतील. तू म्हणशील, पगार गेल्यावर घर कसं चालायचं? म्हणूनच लिहायला बसलो. राजीनामा दे आणि आईबरोबर ग्रोनिंगन शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे जा. घराचं मी बघतो. या महिन्याचे साडेआठशे युरो पाठवतोय.

तुझाच,
विब्रेन