खुर्ची रिकामी हवी

सोमवार, दुपार

बारके,

शेवटी पत्र लिहायची वेळ आणलीस. तब्येत विचारत नाही, रोज टीव्हीवर दिसतेस, गाल वर आलेत. आम्ही कसे आहोत ते तू विचारत नाहीस, म्हणून मीच सांगते. फोन केला की तुझी ती प्रचारवाली बाई उचलते आणि ‘मॅडम मुलाखतीत आहेत’ म्हणते. मॅडम. जिला नाक पुसायला मी शिकवलं ती. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, लावून लावून वाच.

तू निवडणुकीला कशासाठी उभी राहिलीस ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. नळाच्या पाइपासाठी. रंगाच्या कारखान्याच्या गटारातून गेलेला तो सडका पाइप उपटायचा आणि वरच्या रस्त्यानं नवा टाकायचा. किती खोल, कुठून वळवायचा, पैसा कुणाकडून काढायचा, सगळं तू बसून ठरवलंस. इस्त्री करता करता ऐकून मलाही पाठ झालं होतं. टीव्हीवर त्यातलं एक अक्षर ऐकलं असेल तर शपथ. ‘इस्त्रीवालीची मुलगी’ मात्र उठताबसता. तुझ्यासमोरच्या उमेदवाराचंही तेच. मोठ्या घरचा असून साधी चप्पल घालतो, यावर चार शहाणे भांडत होते. चप्पल चांगली होती, नाही म्हणत नाही. पण त्याला पाण्याचं विचारा की कुणीतरी.

हेही मी सोडून दिलं असतं.

चॅनेलवाले घरी आले तो दिवस तुला कुणी नीट सांगितला नसेल. दिवे, वायरी, पाय ठेवायला जागा नाही. मी त्यांच्यातल्या बातम्यावाल्या बाईला नळाचं पाणी ग्लासात धरून दाखवलं, चहासारखं तांबडं. तिनं ग्लास बाजूला सरकवला. म्हणाली, "हो हो, हे नंतर." मग आईकडे वळली. "आजी, जरा उठता का? खुर्ची रिकामी हवी."

आई उठली. ती पाहुण्यांना कधी नाही म्हणाली आहे? त्यांनी तिला कॅमेऱ्याच्या मागं, कपाटाच्या कोपऱ्यात उभं केलं. तिथून ती आपलीच खुर्ची बघत राहिली.

संध्याकाळी टीव्ही लावला तर नुसती खुर्ची, आणि मागून आवाज, की जिनं इस्त्री करून हिला वाढवलं ती माउली आज हे बघायला नाही. मी म्हटलं, चुकलं असेल, माणसं आहेत. मग तुला दाखवलं. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "आई असती तर आज काय म्हणाली असती?" तू खाली बघितलंस. मला वाटलं, आता सांगशील. तू म्हणालीस, "आई बघत असेल."

आई पलंगावर बसून बघत होती. म्हणाली, "बघतेय की." आणि हसली. मीही हसले. तेव्हा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी समोरची शिंपीण डोळे पुसत आली. आदल्या सकाळीच आईकडून सुई मागून नेली होती तिनं. मी म्हटलं, "अगं डोळे फुटले का तुझे, ही काय बसलीय." तर माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, "होतं गं असं. माणूस आहेच असं वाटत राहतं." आईनं तिच्यापुढं चहा धरला. तिनं घेतला नाही. आई कप धरून उभी, आणि ती माझ्याशी बोलतेय, तुझा आवाज कसा भरून आला होता म्हणून. शेवटी कप मी घेतला. निवला होता.

मग रांगच लागली. आवाज बारीक करून येतात, खुर्चीकडे बघतात, जातात. त्या खुर्चीत कुणी बसत नाही. मी चॅनेलच्या बाईला फोन करून शिव्या घातल्या. ती गोड बोलली. "ताई, आता बदललं तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल. निकालानंतर बघू." तुझी बाई पण तेच म्हणाली, शब्दाला शब्द. निकालानंतर काय, आईला जिवंत करणार आहात?

आता ऐक. आई खुर्चीत बसत नाही. तिच्या चपला खुर्चीखाली तशाच आहेत, त्या दिवशी काढलेल्या. ती कपाटाच्या कोपऱ्यात उभी राहते, त्यांनी उभी केली होती तिथंच. बस म्हटलं तर म्हणते, "मध्ये नको यायला." अनवाणी चालते, पाऊल वाजत नाही. खोकला होता ना तिला, सगळी गल्ली जागी करणारा? तोही येत नाही. डॉक्टर म्हणेल बरं झालं. मला नाही बरं वाटत.

आणि हे लिहायचं नव्हतं, पण लिहिते. काल जेवायला बसले. निम्मं जेवण झालं तेव्हा वर बघितलं, तर ती कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होती. मी तिचं ताटच घेतलं नव्हतं. बारके, शिंपीण नाही, चॅनेलवाली नाही, मी. ताट घ्यायला उठले तर म्हणाली, "राहू दे. आता लागत नाही."

मतदान रविवारी आहे. त्याआधी तू इथं ये. कॅमेरे आण, तुझ्या मागं येतातच ते. दारातून हाक मार, शाळेतून आल्यावर मारायचीस तशी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. माझ्या हाकेला ती हल्ली नुसती मान वळवते. तुझ्या हाकेला ओ देईल. ती खुर्चीत बसली, त्यांनी तिला तिथं दाखवलं, की मग पाइपाचं हवं तेवढं बोल, मी पाण्याचा ग्लास धरून उभी राहते. पडलीस तर पडलीस. इस्त्री कुठं पळून जात नाही.

येणार की नाही ते शुक्रवारपर्यंत कळव. त्या बाईच्या तोंडून नको, तुझ्या.

पत्राच्या शेवटी आईचे आशीर्वाद लिहितात, म्हणून तिला विचारलं, लिहू ना? कोपऱ्यातून म्हणाली, "माझे आता कसे लिहिशील?"

म्हणून खाली जागा सोडली आहे. शुक्रवारपर्यंत सोडते.




तुझी ताई