नदीपलीकडची वकिलात

हार्लन बेंड, ३१ जानेवारी १९९८

ती. एउफेमियाताईस,

इलारियोचा सा. न. वि. वि. इकडे क्षेम म्हणवत नाही, म्हणून ते राहू दे.

मंगळवारी फोनवर एवढंच सांगता आलं, की क्रेसेन्सियोमामा गेला. बाकीचं आज लिहितोय. नाबोर उद्या व्हॅन घेऊन तिकडे निघतोय, त्याच्या हाती पत्र देतो.

मामा कारखान्यात कोंबड्या आकड्यांना टांगता टांगता कोसळला. इथलं इस्पितळ म्हणजे नावापुरतं, म्हणून त्याला नदीपलीकडच्या राज्यात नेलं. तिथे तासाभरात सगळं संपलं. अंत्यविधीवाल्याने सांगितलं, की शव मेक्सिकोला न्यायचं तर आपल्या वकिलातीचा शिक्का लागेल. मी जिथून माझं ओळखपत्र काढलं होतं त्याच वकिलातीत गेलो. पाच तासांचा रस्ता, वर बर्फ. पहाटे सहापासून रांगेत उभा राहिलो, साडेबाराला खिडकी गाठली.

आतल्या पोराने विचारलं, माणूस मेला कुठे. मी म्हटलं, नदीपलीकडे. त्याने कागद तसाच माझ्याकडे सरकवला. म्हणे, तो जिल्हा आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या वकिलातीत जा. मी म्हटलं, साहेब, माणूस एकोणीस वर्षं नदीच्या अलीकडे राहिला, अलीकडे राबला, फक्त मरायला पलीकडे गेला. त्यावर तो म्हणाला, आम्ही मरण बघतो, राहणं नाही. आणि ताई, हे बोलताना तो सँडविच खात होता. बोटाला लागलेलं चाटून त्याने पुढच्याला हाक मारली. मला अशी शिसारी आली, की बाहेर येऊन बर्फात थुंकलो.

आईला यातलं थोडंच सांग. माझ्यावर राग धर, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा,
इलारियो


एल साउसितो, ६ फेब्रुवारी १९९८

चि. इलारियोस,

अनेक आशीर्वाद, आणि त्याबरोबर एक चापट. अरे, पाच तास गाडी हाकण्याआधी एक फोन करून विचारता आलं नाही? लहानपणी बाबांनी खेचर विकायला पाठवलं, तर तू यात्रा सोडून दुसऱ्याच गावी जाऊन उभा राहिलास, तो तूच ना?

पेत्रोनिलामामीशेजारी खड्डा खणून नऊ दिवस झाले. काल त्यात कोणाचा तरी बोकड पडला. आई रोज संध्याकाळी जपमाळ म्हणायला बसते आणि मध्येच थांबून विचारते, की तो आत्ता कुठे आहे. शीतपेटीत, असं कसं सांगू तिला? मी म्हणते, वाटेत आहे. बायका आतोले, आपली मक्याची गरम पेज, प्यायला येतात आणि जाताना हळूच विचारतात, की खरंच मेलाय ना, की तिकडे दुसरा संसार आहे. तोंडावर पातेलं मारावंसं वाटतं.

नगरपालिकेत गेले होते. तिथल्या चिटणीसाने वकिलातींची छापील यादी दिली. नासारियाबाईंनी, आपल्या शाळेच्या मास्तरीणबाईंनी, त्यातल्या दोन नंबरांवर फोन लावून पाहिला. एक बंद, आणि दुसऱ्यावर टायरचं दुकान लागलं. चिटणीसाला सांगितलं तर तो हसला. वर म्हणतो, आमच्या पक्षातर्फे हार पाठवू.

बाई म्हणतात, शहराचं नाव विचारू नकोस, मृत्यूच्या दाखल्यावर जो जिल्हा आहे तो वाचून दाखव आणि तो कोणाकडे येतो ते फोनवरच वदवून घे. मामाचा जन्मदाखला सोबत धाडतेय, बाईंनीच काढून आणला. लागेलच, म्हणाल्या.

जेवत जा. आई तुझ्या मुक्यासाठी गाल पुढे करून बसली आहे असं समज.

तुझी,
ताई


हार्लन बेंड, २१ फेब्रुवारी १९९८

ती. ताईस सा. न.,

नासारियाबाईंना माझा नमस्कार सांग. फोनवर जिल्हा वाचून दाखवला आणि बरोबर वकिलात सापडली. उलट दिशेला, सात तासांवर. तिथे खिडकीत एक वयस्क बाई होत्या. त्यांनी दाखला वाचला, मग जन्मदाखला वाचला, आणि चष्मा काढून मला विचारलं, की हा रूबेन साल्दान्या कोण?

ताई, हे तुला कधी सांगितलं नव्हतं. कारखान्यात मामा त्या नावाने कामाला होता. दुसऱ्याचे कागद. इथे निम्मे लोक तसेच आहेत. मामाच्या खिशात कारखान्याचं कार्ड होतं, इस्पितळाने तेच नाव लिहिलं. म्हणजे योग्य वकिलात मिळाली, तर तिच्यासमोर मेलेला माणूसच चुकीचा.

बाई म्हणाल्या, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं नातेवाइकाने शपथेवर लिहून द्यावं, स्वतःच्या खऱ्या नावानिशी, कामाच्या पत्त्यासकट. मग इस्पितळ चौकशी करून दाखला दुरुस्त करेल. त्यांनी आवाज खाली आणून असंही सांगितलं, की चौकशी कारखान्यापर्यंत जाईल, विचार करून सही कर. मीही कारखान्यात इलारियो नाही, हे त्यांनी मी न सांगताच ओळखलं होतं.

आधी मुकादमाकडे जाऊन पाहिलं. तो म्हणाला, क्रेसेन्सियो नावाचा माणूस आमच्याकडे कधी नव्हता. रूबेन होता, चांगला होता, त्याच्यासाठी आम्ही फुलं पाठवली. फुलं खरंच आली होती. रूबेनला, म्हणून. कोंबड्यांच्या आतड्यांत हात घालून मला कधी ओकारी आली नाही, ती फुलं पाहून आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सात तास गाडी हाकून गेलो आणि सही केली.

पाच दिवसांत कारखान्याने माझ्याकडून गमबूट काढून घेतले. मुकादमाने नजर वर केली नाही. पण दाखल्यावर आता क्रेसेन्सियो इबार्रा लिहिलंय आणि खाली शिक्का आहे. मंगळवारी मामा विमानात बसेल. मला मात्र त्याच्याबरोबर येता येणार नाही. इथून बाहेर पडलो तर परत येता येईल की नाही, कोण जाणे.

आईच्या पायांवर डोकं.

इलारियो


एल साउसितो, २ मार्च १९९८

चि. इलारियोस,

खूप खूप आशीर्वाद. काल मामाला माती दिली.

पेटी घरी उघडली, तेव्हा आई एक पाऊल मागे सरली. म्हणाली, हा माझा भाऊ नाही, त्यांनी दुसराच माणूस धाडलाय. तुमच्या त्या अंत्यविधीवाल्याने मामाची मिशी काढून टाकली होती रे! गालांना गुलाबी रंग, गळ्यात टाय. अंगणात लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं, इतकं सगळं करून नाव सुधारलं आणि माणूसच बदलला.

मग आईने त्याचे हात हातात घेतले, उलटेसुलटे केले. बोटं सुजून वाकडी झालेली, आकड्यांवर कोंबड्या चढवून चढवून. नखं गेलेली. बराच वेळ ती त्यांवरून अंगठा फिरवत राहिली. शेवटी म्हणाली, तोच आहे, पण याचं काय करून ठेवलंय त्यांनी. फडकं ओलं करून मागितलं आणि गालांचा रंग स्वतः पुसून काढला. टाय काढून चुलीत टाकला. चिटणीसाच्या पक्षाचा हार आला होता, तो बोकडापुढे ठेवायला सांगितला. चिटणीस समोरच उभा होता.

रात्री मी तिला तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं, सहीचं, गमबुटांचं. माफ कर, लपवणं मला जमेना. ती रडली नाही. दुसऱ्या कोणाच्या नावाने हाक मारल्यावर तो एकोणीस वर्षं 'ओ' देत होता का, एवढंच तिने विचारलं. मग तुला निरोप लिहायला सांगितला, तो तिच्या शब्दांत लिहिते:

पोरा, मेल्यावर तुझ्यासाठी कोणत्या वकिलातीत जायचं ते मला शोधायला लावू नकोस. चालता-बोलता आहेस तोवर ये. जिवंत माणसाला आपल्या घरी यायला कोणाचा शिक्का लागत नाही.

वाट पाहणारी,
ताई