हप्ता महिन्याच्या पहिल्या तारखेला

४ ऑगस्ट, जळगाव
शिंदखेड्याच्या ट्रस्ट दवाखान्याला डायलिसिसची दोन मशिनं आमच्या कंपनीकडून लीजवर, म्हणजे मासिक हप्त्यावर, हवीत. किंमत चौदा लाख. व्याज बारा टक्के, मुदत पाच वर्षं. ऑफिसच्या शीटमध्ये घातलं. महिना ३१,१४२.
दवाखान्याच्या डॉ. वैशालींना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "ट्रस्टने एकतीस हजारांपर्यंतच मंजूर केलंय. वर एक रुपया गेला तरी विषय परत मीटिंगमध्ये." मीटिंग पुढच्या सोमवारी.

६ ऑगस्ट, शिंदखेडा
जागा बघायला गेले. खोली तयार आहे, पाण्याची लाइनही ओढलीय. बाहेर बाकावर एक नाना बसलेले, आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी धुळ्याला जातात. मला मशीनवालीच समजले.
"पोरी, धुये जाई जाई जीव थकी गया. आठे मशीन येई तं भलतं बरं व्हई."
काय बोलणार. हो, इथेच येईल म्हटलं. म्हणायला नको होतं.
परतीच्या बसमध्ये करार चाळला. हप्ता महिन्याच्या पहिल्या तारखेला, आगाऊ. आणि आपली शीट...

७ ऑगस्ट
सकाळी आधी शीटच उघडली. शंका खरी. साठ हप्त्यांची आजची किंमत काढून ती चौदा लाखांशी जुळवायची, इथवर बरोबर. पण शीट धरते, पैसे महिनाअखेर येणार. आपण घेतो महिन्याच्या सुरुवातीला. म्हणजे प्रत्येक हप्ता एक महिना आधी हातात, आणि त्या महिन्याचं व्याजही त्यांच्याच माथी.
नीट मांडलं तर ३०,८३४. एकतीसच्या आत. तीनदा करून पाहिलं.
पाटीलसाहेबांना दाखवलं. चष्मा काढून बघत राहिले.
"तीनशे रुपयांचा फरक."
"तेवढ्यावरच अडलंय, साहेब."
"आणि बाकीच्यांना काय सांगायचं? सगळ्यांना हीच शीट लावलीय."
मी तयार केलेले करारही त्यात आहेत. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.
साहेब म्हणाले, "मी सांगेपर्यंत आकडा बाहेर जाणार नाही."

८ ऑगस्ट
साहेब दिवसभर बाहेर. फोन उचलत नाहीत. दोन्ही आकडे मेल केले, उत्तर नाही. रात्री नवऱ्याला, प्रशांतला सांगितलं. चिडेल वाटलं होतं. एवढंच म्हणाला, "घराच्या कर्जाचं बघून काय ते कर."

१० ऑगस्ट
रविवार. काही नाही. कपडे धुतले, वाळत घातले, मोबाइल खिशातच.

११ ऑगस्ट
साडेअकराला डॉ. वैशालींचा फोन. मीटिंगमधूनच बोलत होत्या, मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज. "अध्यक्ष विचारतायत, एकतीसच्या आत बसतं का? नसेल तर आज विषय बंद करतात."
साहेब दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. मान हलली नाही, ना हो म्हणून, ना नाही म्हणून.
"तीस हजार आठशे चौतीस," मी म्हणाले. "हप्ता आगाऊ, महिन्याच्या पहिल्या तारखेला. लेखी पाठवते."
फोन ठेवला.
साहेब आत आले. बसले नाहीत.
"चालू करार सगळे काढ. माझ्या टेबलावर हवेत."
"दुरुस्त करायला?"
"आधी काढ."
संध्याकाळपर्यंत कपाटाचे दोन कप्पे रिकामे केले. करार तयार करणाऱ्याच्या सहीखाली निम्म्यांवर माझंच नाव. साहेब केबिनमध्ये आहेत, दार लावलेलं. आतून बोलण्याचा आवाज येतोय, मुंबईच्या मुख्य ऑफिसशी बोलत असावेत; दुरुस्तीचं की माझ्याबद्दल, कळत नाही. मला अजून घरी जा म्हटलेलं नाही.