वळणावरचा चढ

दि. ६ मार्च

चि. मुकादमास,
आप्पाचे अ. उ. आशीर्वाद.

पत्रच लिहितो, कारण फोनवर तुमच्याकडची लाइन फार खराब आहे. तू बोलतोस आणि इकडे नुसती खरखर येते. मग ताई माझ्या हातून फोन काढून घेते. पत्राला खरखर नाही. शिवाय तू आता मोठा माणूस, चाळीस मजूर आणि दोन रोलर हाताखाली. बापाचं पत्र खिशात असलं तर पाय जमिनीवर राहतील.

आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शनिवार चालू आहे. तिच्या पायांत आता जोर नाही, त्यामुळे दवाखान्याची गाडी वर दारापर्यंत आणावी लागते. ड्रायव्हरला आम्ही लंबू म्हणतो. आपला चढ बघितला की त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं, पण आणतो बिचारा. रस्त्यापासून दारापर्यंत त्रेसष्ट पावलं. तिला उचलून तेवढं उतरवणं माझ्याच्यानं होणार नाही आणि ताईच्यानं तर नाहीच. म्हणजे हा चढ धड आहे तोवर तुझी आई आहे.

वळणावर भिंतीच्या बाजूला डांबराला भेग पडली आहे, करंगळी जाईल एवढी. काळजी करू नकोस. रोज सकाळी चहा झाला की मी काठी घेऊन उतरतो आणि पावलापावलाला ठोकून बघतो, तुला शिकवलं होतं तसं. भरीव असेल तर ठण्, पोकळ असेल तर ढब. वरपासून खालपर्यंत ठण् वाजतं. रोलरवर बत्तीस वर्षं काढली, मला यंत्र लागत नाही. आणि वळणाखालचा सांडपाण्याचा नळ तू अकरा वर्षांपूर्वी नवा घातलास, त्यामुळे मी निर्धास्त आहे. तू म्हणशील तर भेगेत डांबर ओतून वरून एक काळा हात मारतो.

आई तुझी आठवणही काढते आणि तुला नावंही ठेवते. दोन्ही पोचवली.

तुझा,
आप्पा

*

दि. १५ मार्च

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खिशातच ठेवलंय, त्याला डांबराचा वास लागलाय. इथे डोंगरातला रस्ता आहे, माल गरम येतो आणि वाऱ्यानं बघता बघता गार होतो, म्हणून दिवसभर माझी धावपळ आणि ओरडा. घसा बसलाय. आईला सांगा, आता मी तिच्याइतक्या बारीक आवाजात बोलतो.

ठण् वाजतंय म्हणता तर खाली काही नाही. भेग तारेच्या ब्रशनं साफ करा, दोन दिवस उन्हात वाळू द्या, मग गरम डांबर ओता आणि वर बारीक वाळू पसरा. काळा हात हवा तर मारा, निदान दिसायला बरं दिसेल. तुमच्या कानांवर माझा इथल्या इंजिनिअरपेक्षा जास्त भरवसा आहे.

मे अखेरीस काम उरकलं की येतो. तोपर्यंत लोभ आहे तसाच चालू ठेवा.

आपला,
मुकादम

*

दि. २ एप्रिल

चि. मुकादमास,
ताईचे अ. आशीर्वाद.

हे पत्र दुकानात बसून लिहितेय. औषधाच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी लिहिलंय हे आप्पांना कळू देऊ नकोस.

त्यांना ऐकू येत नाही. जरा कमी येतं असं नाही, येतच नाही. दार ठोठावून मी थकते आणि ते आत खुर्चीत पेपर वाचत असतात. कुकर जळून काळा झाला तेव्हा ते ओट्यापासून दोन हातांवर होते. फोनची लाइन खराब नाही, तेच ओठ बघून अंदाजानं उत्तरं देतात, आणि फोनला ओठ नसतात. विषय काढला की चिडतात. परवा अंगणातल्या रिकाम्या पिंपावर मी मुद्दाम त्यांना काठी ठोकायला लावली आणि भरलंय का विचारलं. म्हणाले, काठोकाठ. मला हसावं की रडावं कळेना.

आणि हाच माणूस रोज चढ ठोकून तो भरीव आहे असं सांगतो. भेगेवर त्यांनी तू सांगितलंस तसं डांबर ओतलं आणि सगळा चढ काळाकुळकुळीत केला. दृष्ट लागावी असा दिसतो. पण मी कपडे धुतले की वळणाखालच्या भिंतीच्या भोकांतून पाणी येतं, आणि ते साबणाचं नसतं, गढूळ असतं. चहासारखं. लंबू म्हणाला की वळणावर मागचं चाक मऊ लागतं. मी त्याला सांगितलं, माझा भाऊ याच कामातला आहे, त्याला विचारते.

तर विचारतेय. एक दिवस ये. तुझे कान घेऊन ये आणि ठोकून जा. तू नाही म्हणालास तर आणखी कुणाकडे जाऊ? आईला आठवड्यातून सहा वेळा त्या वळणावरून न्यायचं-आणायचं असतं.

वाट बघते.

तुझी,
ताई

*

दि. ११ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लहानपणापासून राईचा पर्वत करतेस. मी झाडावरून पडलो तेव्हा माझा हात मोडला असं तूच गल्लीभर सांगून आली होतीस, आणि निघाली साधी मुरगळ.

आप्पांना थोडं कमी ऐकू येत असेल. रोलरवाले सगळेच म्हातारपणी तसे होतात. पण ठोकताना नुसता कान लागत नाही, हातालाही कळतं. त्यांचा हात खोटं सांगणार नाही. पाणी म्हणशील तर वरच्या बागेतलं झिरपत असेल, डोंगरउतारावर हे चालायचंच. लंबूला सांग, वळणावर गाडी आतल्या अंगाला ठेव.

मला आत्ता सुटी मिळणं शक्य नाही. एक दिवस काम थांबलं तर आलेला सगळा माल दगड होतो. आणि एक कर, कुणाला खणायला बोलावू नकोस. बाहेरचे लोक चांगलं असलेलं फोडतात आणि जाताना सगळं बिघडवून जातात. मी येईपर्यंत तिथे कुदळ लागू देऊ नकोस.

रागावू नकोस. आईला सांभाळ.

तुझा,
मुकादम

*

दि. ९ मे

चि. मुकादमास,
आशीर्वाद.

तुझ्या आईला जाऊन आज सतरा दिवस झाले. तू आलास, तीन दिवस राहिलास, माझ्याकडे मान वर करून एकदाही पाहिलं नाहीस आणि खड्ड्याकडे तर फिरकलाही नाहीस. तुझ्या रागाचं कारण मला कळतं. तरी जे घडलं ते तू माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीस, म्हणून लिहितो.

त्या बुधवारी मी नेहमीप्रमाणे ठोकून वर आलो. आई खिडकीत बसून रोज विचारायची, आज काय वाजलं? मी म्हणायचो ठण्, आणि ती हसायची. त्या दिवशीही तसंच झालं. लंबूनं तिला गाडीत बसवलं, ताई तिच्या शेजारी बसली. वळणावर डांबर खचलं आणि मागचं चाक आत गेलं. माझ्या पाठीमागे गेलं आणि मला कळलंही नाही, शेजारीण पळताना दिसली तेव्हा मी वळून बघितलं. गाडी भिंतीवर कलली होती. आई सीटवरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. लंबूनं आणि शेजारणीच्या मुलांनी तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून खाली नेलं. दुसऱ्या गाडीला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता खरं सांगतो. त्या दिवशी ठण् वाजलं नव्हतं. दोन वर्षं झाली, काहीच वाजत नाही. काठी टेकली की मी मनातच ठण् म्हणतो. हाताला कळतं अशी समजूत घातली होती, तेही खरं नाही. बत्तीस वर्षांत मला एवढं एकच काम आलं, तेही गेलं हे कुणाला सांगायचं?

तुझ्या आईला ठाऊक होतं. तिनंच मला ओठ वाचायला शिकवलं आणि कुणाला सांगितलं नाही. आणि मी भरीव म्हणतो एवढ्यावर दिवसाआड त्या गाडीत जाऊन बसली.

ताईला मी काल हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही, निदान मला दिसलं नाही. खड्ड्यावर मी त्याच दिवशी फळ्या टाकल्या आहेत. ती माणूस बोलवायचं म्हणते, पण मी फळ्यांना कुणाला हात लावू देत नाही. तू राग धर. तुझा हक्क आहे.

आप्पा

*

दि. १७ मे

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

राग तुमच्यावर नव्हता. मान वर झाली नाही, त्याचं कारण दुसरं आहे.

वळणाखालचा नळ मी बदललाच नाही. अकरा वर्षांपूर्वी ते माझं पहिलं काम. सकाळी खणायला घेतलं, तर जुना मातीचा नळ सांध्याला तडकलेला दिसला. नवा आणून बसवायचा तर दिवस गेला असता, आणि गरम मालाचा ट्रक खाली येऊन उभा होता. मी सांध्यावर सिमेंट थापलं, माती लोटली, धुमसानं ठोकून बसवली आणि रोलर फिरवला. संध्याकाळी तुम्ही काठीनं ठोकून बघितलंत आणि ठण् वाजलं म्हणून माझी पाठ थोपटलीत. आईनं विचारलं, नळ नवा घातलास ना? मी हो म्हणालो. त्यानंतर खरं सांगायचा एकही दिवस मला बरा वाटला नाही.

तुम्हाला ऐकू येत नाही हे ताईनं मला एप्रिलमध्येच कळवलं होतं. गढूळ पाण्याचंही कळवलं होतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती वाहून चालली, हे मी माझ्या मजुरांना पहिल्या दिवशी शिकवतो. लोकांच्या घरी तसं दिसलं तर मी त्याच क्षणी रस्ता बंद करतो. आपल्या घरी मी तिला लिहिलं की कुदळ लावू नकोस. खणलं असतं तर नळ दिसला असता. तुमचे कान गेलेत हे माझ्या सोयीचं होतं, आप्पा. तुम्ही ठण् म्हणत होता आणि मला तेच ऐकायचं होतं.

माणूस बोलवा. फळ्या काढू द्या. ताईला नळ दाखवा.

लोभाचं काही मागत नाही.

मुकादम

*

दि. २४ मे

चि. मुकादमास,
आशीर्वाद.

नळ मी त्याच बुधवारी पाहिला. आईला खाली नेत होते आणि मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. मातीचा, तडकलेला, वर तुझ्या थापीचं सिमेंट. पहिल्या कामातलं तुझं सिमेंट मी ओळखणार नाही? ताई वर यायच्या आत फळ्या टाकल्या, त्या यासाठी. गेल्या पत्रात मी माझं सांगितलं आणि तुझं तुझ्यावर सोडलं. मुलगा सांगतो की नाही, एवढं बघायचं होतं. सांगितलंस.

माफ केलं असं लिहिणार नाही. मला तरी कुणी करायचं? आपल्या दोघांना माफ करणारी एकच होती, तिला आपण दोघांनी मिळून गाडीत बसवून त्या वळणावर पाठवलं.

ताईला नळ मी दाखवणार नाही. तो तू दाखवायचा, तिच्यासमोर उभा राहून. येताना नवा नळ घेऊन ये, सहा हात लांब लागेल, मी मोजून ठेवलाय. तू खण. भरून झालं की मी काठीनं ठोकीन. काय वाजलं ते तू मला सांग, तोंड माझ्याकडे करून, आणि खरं सांग.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तो आहेच, त्याला आता इलाज नाही.

तुझा,
आप्पा